तखतावरचे दोन प्रोटॉन

मी माझ्या सख्ख्या बापाला प्रोटॉन केलं. मनातल्या मनात नव्हे. चिखलीत, शाळेच्या पटांगणात, गणपतीसमोर, तीनेकशे माणसांच्या साक्षीनं, त्यांच्या सदऱ्यावर पुठ्ठ्याचं अधिक चिन्ह टाचून. आणि समोरून दुसरा प्रोटॉन म्हणून ज्या गृहस्थांना चालवत आणलं, त्यांच्याशी माझे वडील सहा महिने बोलत नव्हते.

हे चुकलं. आता कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो, कारण तेव्हा माझ्या बाजूनं विज्ञान होतं. साधा मूर्ख दोन शब्द ऐकून गप्प बसतो, बी.एस्सी. झालेला मूर्ख फळ्यावर आकृती काढून दाखवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. अकोल्याच्या कॉलेजातून मी तिसऱ्या वर्गात पास झालो (लोकांना सांगताना 'वर्गात आलो' एवढंच सांगत असे) आणि चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात दोन चुंबक, एक फुटका तापमापक आणि बाटलीत बुडवलेला एक विंचू. तो कोणी बुडवला आणि कशासाठी, हे हेडमास्तरांनाही ठाऊक नव्हतं. वडिलांचा गावाबाहेर मळा होता. वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात ते. विहीर भावकीत सामाईक, त्यामुळे पाणी पाळीनं. हे पाळीचं लक्षात असू द्या; सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

बसस्टँडच्या रस्त्याला एक बियाण्यांचं दुकान होतं. दुकानदारांची मुलगी इंटर सायन्स करून मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. मला ती मुलगी हवी होती. त्या काळी हे वाक्य कोणापुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून आत्ता बोलून घेतो. तिच्याशी माझं तोवर एकदाच बोलणं झालं होतं. त्यांच्या शाळेला फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास हवा होता, तो मी स्वतः नेऊन दिला. शिपाई रिकामा बसलेला असताना. तिनं तो उघडला, पाहिला, आणि म्हणाली, "सर, याच्यात खडू बसत नाही." एवढंच. मी घरी येईपर्यंत हे वाक्य चाळीस वेळा मनात म्हटलं असेल.

आमच्याकडून निरोप गेला, त्यांच्याकडून होकारासारखं काहीतरी आलं, आणि फाल्गुनात पुढचं बोलायला म्हणून दुकानदार आमच्या मळ्यात आले. आले ते नेमके आमच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी. बाबा वांग्यात दारं धरून उभे होते, म्हणजे एका वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत होते. तिथूनच ओरडले, "बसा, आलोच." आणि तासाभरानं आले. तोवर पाहुणे लिंबाखाली बाजेवर बसलेले. त्या बाजेला मुंग्या होत्या. बाबा पाय धुऊन येईस्तोवर पाहुणे सडकेला लागले होते.

"पुढची खेप त्यांची," त्यांनी जाताना माझ्या आत्याला सांगितलं. "ते माह्या घरी येतीन, तवाच बोलनं."

बाबांनी हे ऐकलं आणि खुरपं खाली ठेवलं. "पान्याची पाळी सोडून कोन येते बे? आपन पोराकडचे. त्यायनंच याव."

झालं. दोन्ही घरांत कुंकू-हळद तयार आणि मधे दोन म्हातारे आडवे. आठवडी बाजारात बाबांना शंभर पावलांवरून त्यांची छत्री दिसली, की बाबा वाण्याच्या बोळात वळत. तिकडून त्यांनाही बाबांचा फेटा दिसत असणार, कारण तेही त्याच क्षणी कापडवाल्याच्या ओट्यावर चढत. छत्री आणि फेटा सहा महिने पन्नास पावलांच्या आत आले नाहीत.

अशात आत्यानं बातमी आणली. नांदुऱ्याचं एक स्थळ होतं, रेल्वेत मालधक्क्यावर नोकरी. पितृपक्ष सरला की दसऱ्याला ते मुलगी पाहायला येणार. पितृपक्षात आपल्याकडे कोणी सोयरिकीचं बोलत नाही. म्हणजे जे काय व्हायचं, ते गणपती बोळवायच्या आत. माझ्याकडे जेमतेम दहा-बारा दिवस होते, आणि दोघांपैकी एकानं पाऊल उचलायला हवं होतं. आत्यानं दोघांनाही सांगून पाहिलं. दोघांनीही तिला चहा पाजून परत पाठवलं.

त्याच आठवड्यात माझ्या हाती एक इंग्रजी मासिक होतं. कॉलेजच्या प्राध्यापकांनी कौतुकानं दिलेलं. त्यात प्रोटॉनच्या टकरीवर एक लेख होता. तो मी तीनदा वाचला. दीड पान कळलं. उरलेल्या पानांचा अंदाज केला.

कळलं ते असं. प्रोटॉन हा अणूच्या गाभ्यातला कण. प्रत्येक प्रोटॉनवर सारखाच धन विद्युतभार, म्हणून दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. हे विजेचं ढकलणं लांबूनच सुरू होतं आणि जवळ जावं तसं वाढत जातं. मग गाभ्यात इतके प्रोटॉन मांडीला मांडी लावून बसतात कसे? तर तिथं दुसरं एक बळ आहे, अणुगर्भाचं. त्याची पकड विजेपेक्षा कितीतरी जबर, पण हात भलताच आखूड. दोन प्रोटॉन जवळपास शिवले तरच ते चालतं. जरा दूर सरले की ते नसल्यासारखंच. म्हणून मोठमोठ्या यंत्रांत प्रोटॉनला भयंकर वेग देतात आणि दुसऱ्या प्रोटॉनवर सोडतात. टकरीच्या आत काय झालं हे कोणाला दिसत नाही. कोण किती वळून बाहेर पडला, एवढंच मोजायचं. लांबून गेला तो जरासा वळतो. ते विजेचं काम. अंगावरच आला तो जास्त वळतो. ते गर्भाचं काम. आणि या दोहोंच्या मधे एक पट्टा असा, की तिथं दोन्ही बळांचं काम सारख्याच तोलाचं.

त्या मधल्या पट्ट्यावर लेखात दोन अख्खी पानं होती, किचकट सूत्रांनी भरलेली. ती मी सोडून दिली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'बेरीज करणे.'

मासिक मिटलं आणि मला बाजार दिसला. छत्री आणि फेटा. सारखाच भार, सारखाच ताठा. शंभर पावलांवरून ढकलाढकली. पण अणुगर्भाचं बळ? ते कधी लागूच झालं नव्हतं, कारण सहा महिन्यांत दोघं हातभर अंतरावर आलेच नव्हते! एकदा जवळ आणा, पकड आपोआप बसेल. विज्ञानच सांगत होतं. मी त्या रात्री इतका गाढ झोपलो की सकाळी आत्यानं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं.

शाळेच्या गणपतीत रोज दुपारी चारला एक व्याख्यान असे. गेल्या वर्षी 'गाईच्या दुधाचे महत्त्व' झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही तेच. हेडमास्तरांना नवीन काहीतरी हवंच होतं. मी फळ्यावर लिहून टाकलं: 'प्रोटॉनची टक्कर, प्रात्यक्षिकासह'. वाटेत दोघा जणांनी मला विचारलं की मेंढे कुठून आणवले.

आता बाबांना तयार करायचं होतं.

"बाबा, माझं भाषण आहे. तुम्ही तखतावर यायचं आणि नुसतं चालायचं."

"चालाले मी कायले पाह्यजे? बैल ने."

"बैलाला अधिक चिन्ह लावता येत नाही, बाबा. हा फार महत्त्वाचा कण आहे. सगळ्या जगाच्या मुळाशी असतो."

"मुळाशी?" मुळाचं नाव निघाल्यावर बाबांचा चेहरा जरा पालटला. "समोरून कोन येऊन राह्यलं?"

"दुसरा एक कण," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

दुकानात जाऊन मी हेच शब्द तसेच बोललो. दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, गोणीतली मूठभर ज्वारी उगाच चाळवली, आणि म्हणाले, "पोरगी म्हनते तुमचं भाषन ऐकाचंच हाय. येतो." मी दुकानातून निघालो तो थेट उंबऱ्याला अडखळलो.

व्यासपीठ आमच्या मिस्त्री चाचांनी बांधलं. चाचा गावातले जुने सुतार. शाळेच्या बाकांपासून ताबुतापर्यंत सगळं लाकूडकाम त्यांच्याकडे. त्यांनी दोन मोठी लाकडी तखतं कडेला कड लावून मांडली. पटांगण मधे खोलगट, म्हणून मधल्या पायांखाली विटा रचल्या. आणि मला हाताला धरून तिथं नेलं.

"मास्टर, ये जोड देख लो. यहाँ एक आदमी चलेगा. दो भी चलेंगे, जरा संभाल के. तीसरा मत चढाना. नीचे ईंट है, भरोसा नहीं."

"चाचा, तिसरा कशाला चढेल? प्रोटॉन दोनच आहेत," मी म्हणालो.

तिसरा कोण चढला, ते आता येईलच.

चार वाजता पटांगण भरलं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. मागे चिंचेखाली उद्याच्या मिरवणुकीचे ताशेवाले बसले होते, ताशे उन्हात तापवत. बायकांत पुढच्या रांगेला मुलींच्या शाळेच्या मास्तरीणबाई, त्यात ती. तिच्या मागेच माझी आत्या, मांडीवर खिरापतीची परात घेऊन.

तखताच्या मधोमध टेकवलेल्या फळ्याशी, खाली जमिनीवर उभा राहून मी बोलायला लागलो आणि, खरं सांगतो, बरं बोललो. प्रोटॉन केवढा लहान, हे सांगताना राईचा दाणा घेतला आणि त्याचे इतके तुकडे केले की पुढच्या रांगेतला एक म्हातारा "पुरे" म्हणाला. हेही सांगितलं की हे कण नुसते गोळीसारखे नसतात. ते लाटेसारखेही वागतात. ते का, हे मला माहीत नव्हतं, पण लेखात होतं. मग मी ठासून म्हणालो, "विजेच्या बळानं वळलेले इतके, गर्भाच्या बळानं वळलेले तितके, दोन्ही बळं एकदम असतील तर काय करायचं? सोपं आहे. बेरीज करायची." आणि फळ्यावर भलंमोठं अधिक काढलं.

"आता प्रात्यक्षिक."

उजव्या शिडीनं बाबा चढले. सदऱ्यावर पुठ्ठ्याचं लाल अधिक. डाव्या शिडीनं दुकानदार चढले. त्यांचंही अधिक लाल, छत्री काखेत. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती, मी लहानपणी वांग्याची रोपं तण समजून उपटली होती तेव्हा.

पटांगण चिडीचूप झालं. गावाला सगळं ठाऊक होतं ना. चार वाजता यायला नको म्हणणारी माणसं आता भिंतीवर चढून बसली होती. परत फिरावं तर तीनशे माणसांसमोर पळून गेल्यासारखं. पुढे जावं तर आपण पाऊल उचललं असं होणार. पण दोघांनी चालायचं कबूल केलं होतं, आणि दिलेल्या शब्दाला दोघंही पक्के. चालायला लागले. प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या पावलाकडे बघून टाकलेलं, कोणाचं अर्ध्या वितीनं जास्त पडू नये म्हणून.

आणि दोन हातांवर येऊन दोघं थांबले.

नुसते थांबले. पुढेही नाहीत, मागेही नाहीत. मी वाट पाहिली. बाबा दुकानदारांच्या डोक्यावरून चिंचेकडे पाहत होते. दुकानदार बाबांच्या खांद्यावरून गणपतीकडे. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुठंतरी एक पोर रडायला लागलं आणि त्याला कोणीतरी चापट मारली.

"जवळ आले म्हणजे गर्भाचं बळ लागू होतं," मी घाम पुसत म्हणालो. "होईल लागू."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "सर, एक विचारू?"

ती उभी होती. गणपतीच्या व्याख्यानात बाईमाणसानं उठून प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण मास्तरीणबाई होती, कोणी काही बोललं नाही.

"तुम्ही म्हणाले दोन्ही बळांची बेरीज होते," ती म्हणाली. "मग हे मधातच कसे थांबले?"

"थांबले नाहीत, ते... वेग कमी पडला."

"नाही, पन तुम्हीच म्हणाले ना, कन लाटेसारखे वागतात? मग आकडे कसे जोडता? लाटा जोडा. हौदात दोन बाजूनं दोन खडे टाकले त कुठं पानी जास्त उसळते, आन् कुठं दोन लाटा एकमेकीले मारतात, पानी जागच्या जागी राह्यते. तुमचं अधिक चिन्ह चुकीच्या जागी हाय."

पुरुषांकडून एक जण मोठ्यानं म्हणाला, "बराबर हाय." त्याला काय कळलं होतं, देव जाणे.

आता मी काय करायला हवं होतं? "बाई, तुमचं बरोबर आहे, पाहून सांगतो," असं म्हणायला हवं होतं. पण लग्न, विज्ञान आणि इभ्रत, तिन्ही गोष्टी दोन हातांवर येऊन अडलेल्या. मी खडू टाकला, "वेग वाढवावा लागेल!" असं ओरडलो, आणि दोघांना एकमेकांकडे ढकलायला स्वतः तखतावर उडी मारली. नेमकी जोडावर.

"अरे मास्टर!" एवढं चाचांचं ऐकू आलं.

विटा सरकल्या. दोन्ही तखतं मधल्या बाजूला कलंडली, घसरगुंडीसारखी, आणि बाबा इकडून, दुकानदार तिकडून घसरत एकमेकांच्या अंगावर आले. पडू नये म्हणून बाबांनी त्यांना मिठी मारली, आमच्याकडे म्हणतात तसा कवळा घातला. त्यांनी बाबांना घातला. छत्री उघडली. मी दोघांच्या पायांशी, आणि माझ्या पाठीवर फळा, अधिक चिन्हासकट.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप चार माणसांत एकमेकांना कवळा घालतात, त्याला काय म्हणतात? पटांगणात क्षणभर काही कळेना. मग माझी आत्या उठली. तिनं परातीतून खिरापतीची मूठ भरली, दोघांच्या डोक्यावर उधळली, आणि असं ओरडली की पार बसस्टँडवर ऐकू गेलं असेल:

"व्याहीभेट झाली व माय!"

चिंचेखाली ताशेवाल्यांना वाटलं इशारा झाला. त्यांनी ताशा धरला. पोरं नाचायला लागली. कोणीतरी गुलालही उडवला. त्या सगळ्या गदारोळात चाचा एकटे खाली वाकून वीट शोधत होते, आणि मला ओरडून सांगत होते, "मास्टर, बोला था ना? तीसरा मत चढाना!"

बाबा मोकळे झाले, फेटा सावरला, आणि गरजले, "बंद करा थो ताशा! हे काही भेट-बीट नोहे. हे सोता माह्या अंगावर आले."

"मी?" दुकानदारांनी छत्री मिटली. "मी आपल्या जागी उभा होतो. तुम्हीच आले."

"मी नाई आलो. तुमी आले."

"तुम्ही आले."

भांडण पेटणार असं वाटलं. आत्या कमरेवर हात देऊन पुढे आली. "काहो, दोघंही म्हनता समोरचा आला. मंग तुमाले दोघाले हेच त पाह्यजे होतं ना?"

दोघं थबकले. पण मान्य कसं करायचं? तोवर दुकानदारांची मुलगी तखताजवळ आली होती. मी फळ्याखालून निघायच्या खटपटीत होतो. तिनं फळ्याची एक कड उचलून धरली, आणि खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, दोन प्रोटॉन अगदी सारखे असतात ना?"

"हो."

"मग टकरीनंतर कोन कुठून आला होता, हे सांगता येते काय?"

"नाही येत," मी म्हणालो. हे त्या दीड पानात होतं.

"मग सांगा ना तसं मोठ्यानं."

मी उठलो. पाठ मोडलेली, केसांत खिरापत. पण आवाज शाळामास्तरचा काढला. "मंडळी, प्रयोग पुरा झाला. निष्कर्ष सांगतो. दोन्ही प्रोटॉन तंतोतंत सारखे असल्यामुळे, कोण कोणाकडे गेला, हे टकरीनंतर कोणालाही सांगता येत नाही. जगातल्या मोठ्यात मोठ्या शास्त्रज्ञालाही नाही."

बाबांनी विचार केला. "म्हंजे हे आले," ते हळूच म्हणाले.

"म्हंजे हे आले," दुकानदारही हळूच म्हणाले.

दोघांनीही दुसऱ्याचं ऐकलं नाही असं दाखवलं. कलंडलेल्या तखताच्या कडेवर बाबा बसले. जरा वेळानं दुकानदारही बसले, मधे छत्री ठेवून. बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "त्या दिशी वांगे सुकून राह्यले होते हो. पाळी गेली असती त मंग आठ रोज पानी नाई."

"मंग सांगाचं नाई का?" दुकानदार म्हणाले. "मले मुंग्याइत बसवलं. मी बी आलो असतो दारं धराले. बियानं विकतो म्हनून का वाफा मालूम नाई मले?"

बाबांनी सदऱ्यावरचा पुठ्ठा काढला, बघितला, आणि दुकानदारांच्या सदऱ्यावरचा वाकडा झाला होता तो सरळ करून दिला. मग दुकानदार मुलीकडे वळले. "बोल बाई. समद्या गावानं पाह्यलं. तुह्यं काय म्हननं हाय?"

 माझे कान फळ्याच्या धक्क्यानं वाजत होते, तरी मी ते तिच्याकडे लावले.

ती म्हणाली, "अगोदर तखत सरळ करा."

चाचांनी आणि पाच-सहा जणांनी तखत सरळ केलं, विटा नव्यानं रचल्या. तिनं बापाकडे पाहून मान हलवली. खालून वर. एकदाच. आत्यानं कुठूनशी सुपारी पैदा केली. अडकित्ता नव्हता, म्हणून ती चाचांच्या हातोडीनं फोडली, त्याच जोडावर. यावेळी तिथं चाचांनी कोणालाच चढू दिलं नाही. पहिला तुकडा त्यांनी स्वतः तोंडात टाकला. "मेहनत मेरी है," म्हणाले.

घरी येऊन मी ते मासिक काढलं. सोडून दिलेली दोन पानं वाचली. वाचली म्हणजे तिच्या हौदाला धरून वाचली, तेव्हा कुठं थोडी उमगली. तिचं बरोबर होतं. मधल्या पट्ट्यात आधी लाटा जोडायच्या, मग मोजायचं. म्हणून उत्तर कधी बेरजेपेक्षा जास्त येतं, कधी कमी. आणि ते कोणत्या बाजूला चुकतं, त्यावरूनच कळतं की त्या वेगाला गर्भाचं बळ ओढतंय की ढकलतंय. एवढ्या मोठ्या वेगाला तेसुद्धा ढकलत असेल, असं तिथं चक्क लिहिलं होतं. म्हणजे जवळ आले की पकड बसते, ही माझी अख्खी योजना ज्या गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट त्याच लेखात खोडलेली होती, आणि मी तिच्यावर पेन्सिलीनं 'बेरीज करणे' लिहून ठेवलं होतं. समासातलं ते मी खोडरबरानं पुसलं. नीट पुसलं नाही, आजही दिसतं.

दुसऱ्या दिवशी गणपती बोळवले. मिरवणूक दुपारीच निघाली. मुलींच्या शाळेसमोर ती लेझीम खेळणाऱ्या मुलींना रांगेत लावत होती. सुपारी फुटल्यावर दोन शब्द बोलायला हरकत नसावी, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आणि जवळ गेलो. पाठीत उसण भरली होती, तरी शक्य तितका ताठ. तिच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकावा एवढीच इच्छा.

"काल भाषण कसं वाटलं?" मी विचारलं.

तिनं एका मुलीच्या हातातली लेझीम सरळ केली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"भाषन ऐकून त मी नाहीच म्हननार होती," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही पडले."